मधल्या सुट्टीतली पाच मिनिटं

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर मागे पडतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे डोंगरकडा येतं. गाव कळमनुरी तालुक्यातलं. शिवारात केळी, ऊस, हळद. अशा रस्त्यावरच्या गावात आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून मुली शाळेला येतात. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे निदान तिकिटापायी शाळा अडत नाही. पाळीपायी ती कुठे अडते, हे समजून घ्यायचं तर त्यातल्या एका मुलीचा एक दिवस घड्याळ लावून बघावा लागतो.

समजा, ती सातवीत आहे आणि पाळीचा दुसरा दिवस आहे. सकाळी साडेआठला आंघोळ करून तिने पॅड घेतलं. वस्तीवरून फाट्यापर्यंत पायी, मग एसटी, मग शाळा. शाळा पाचला सुटली, गाडी वेळेवर मिळाली तरी घरी पोचेपर्यंत साडेपाच. म्हणजे नऊ तास झाले. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं असतं. तेव्हा गणित सरळ आहे: दिवसातला एक बदल शाळेतच व्हायला हवा, आणि तो बहुधा मधल्या सुट्टीत. त्याला साधारण पाच मिनिटं लागतात.

या पाच मिनिटांवरच पुढचं सगळं उभं आहे, असं मला वाटतं. कोणतीही योजना असो, वाटप असो, भाषण असो, तिची परीक्षा तिथे घ्यावी. मुलीला त्या पाच मिनिटांत पॅड बदलता आलं का?

आधी हे सहा तास कुठून आले ते पाहू. पाळीच्या सगळ्या दिवसांत मिळून साधारण तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाचे सहा-आठ चमचे. ऐंशीच्या वर गेलं तर ते जास्त समजतात. पॅडच्या आत लाकडाच्या लगद्याचा कापूस असतो, बऱ्याच पॅडमध्ये पाणी शोषून जेल होणारी पावडर असते, वर पातळ सच्छिद्र थर आणि खाली प्लास्टिक. त्यामुळे चांगलं पॅड सहा तासांत भरून वाहीलच असं नाही. ते बदलायचं कारण वेगळं आहे. ओल, ऊब आणि रक्त एकत्र आलं की जंतू वाढतात, कातडी मऊ पडते, घासली जाते, पुरळ येतं, खाज सुटते, वास येतो. वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलीच्या मांड्या सोलवटतात त्या यानेच. दिवसभर बदल न करता बसलेल्या मुलीच्या मनात डाग पडल्याची भीती असते, ती वेगळी. फळ्यावर गणित सोडवायला सर बोलावतील म्हणून ती मान वर करत नाही. हजेरीपटावर मात्र ती हजर असते.

हजेरीपटाची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. नेपाळच्या चितवन भागात एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलींना धुऊन पुन्हा वापरायचे पाळीचे कप देऊन पाहिले. २०११ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मुलींना कप आवडले, कापडं धुण्याचा वेळ वाचला, पण हजेरीत जवळजवळ काही फरक पडला नाही. पाळीमुळे बुडणारे दिवस मुळातच थोडे निघाले. याउलट अंजली अदुकिया यांनी भारतातल्या शाळांमधल्या संडासांचा अभ्यास २०१७ मध्ये मांडला. लहान मुलांसाठी शाळेत कुठलाही संडास आला तरी पटसंख्या वाढली; वयात आलेल्या मुलींसाठी मात्र वेगळा संडास असेल तरच फरक पडला. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड होते. नुसती वस्तू हातात देऊन काम भागत नाही. ती वापरायला जागा लागते.

आता त्या जागेचं गणित. पाळी सरासरी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि पाच दिवस राहते असं धरलं, तर वयात आलेल्या मुलींपैकी कुठल्याही दिवशी साधारण सहातली एक पाळीत असते. शाळेत अशा एकशेवीस मुली असतील, तर आज त्यातल्या वीस जणींना बदलायचं आहे. प्रत्येकीला पाच मिनिटं म्हणजे शंभर मिनिटं. दर चाळीस मुलांमागे एक संडास असावा असा स्वच्छ विद्यालय अभियानाचा निकष आहे. त्याप्रमाणे तीन संडास असले आणि तिन्ही चालू असले, तरी तेहतीस-चौतीस मिनिटं लागतात. मधली सुट्टी जवळजवळ एवढीच, आणि तिच्यातच हात धुवायचे, रांगेत बसायचं, खिचडी खायची. दोनच संडास उघडे असतील तर पन्नास मिनिटं. म्हणजे मधल्या सुट्टीत हे बसतच नाही. मुली पाण्याची बाटली न उघडता दिवस काढतात, लघवी दाबून ठेवतात, ते यामुळे. मग लघवीला जळजळ होते ती निराळीच.

यावर फार स्वस्त उपाय आहे. तासाच्या मध्येही जाऊ द्यावं, कारण न विचारता. प्रत्येक वर्गाच्या दाराशी खुंटीला दोन लाकडी पट्ट्या अडकवाव्यात. जिला जायचं तिने पट्टी घ्यावी, परत आल्यावर अडकवावी. सरांना विचारायचं नाही, पोरांसमोर कुजबुजायचं नाही. ज्या छोट्या शाळेत सगळे शिक्षक पुरुष असतात तिथे तर ही पट्टी बाईंच्या जागी काम करते.

संडासात शिरल्यावर मुलीला काय लागतं? आतून कडी. वर-खाली फटी नसलेलं दार. पिशवी टांगायला खिळा, कारण दोन्ही हात मोकळे हवेत आणि फरशी ओली असते. पुरेसा उजेड. पाणी आतच, बाहेरच्या हौदावरून बादली भरून आणायची म्हटलं की सगळ्या शाळेला कळतं. साबण. झाकणाचा डबा. आणि या सगळ्याच्या आधी, कुलूप नसणं. मुलींचा संडास कुलूप लावून 'स्वच्छ' ठेवायचा आणि पाहुणे आले की उघडायचा, ही सवय ज्या शाळेत आहे तिथे बाकी काही बोलण्यात अर्थ नाही.

पाण्याचा अंदाज बांधता येतो. हात धुणं, अंग धुणं, खाली पाणी ओतणं मिळून एका बदलाला चार-पाच लिटर धरा. वीस मुलींना शंभर लिटर. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात एवढं पाणी शाळेच्या टाकीत रोज असेलच याची खात्री नसते. केळीला ठिबकने पाणी मिळतं आणि शेजारच्या शाळेचा नळ कोरडा असतो, असं होऊ शकतं. पाणी नसलं की संडास घाण होतो, घाण झाला की बंद होतो. नळजोडणी आहे का, एवढं विचारून थांबू नये. दुपारी एक वाजता नळ सोडून बघावा.

मग पॅड. ते तिच्याकडे येतं कुठून? केंद्र सरकारच्या योजनेत २०११ पासून आशाताई सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना द्यायच्या, त्यातला एक रुपया त्यांचा. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ ला अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांतल्या अकरा ते एकोणीस वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांना मिळे. बचत गटाच्या बायका ॲपवर मागणी नोंदवत, माल गावात येई, फरकाचे पैसे सरकार गटाला देई. कल्पना चांगली होती, कारण विक्री गावातल्या ओळखीच्या बाईकडे होती. मेडिकलवाल्या पोरासमोर उभं राहायचं नव्हतं. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा बारा टक्के जीएसटी गेला. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचं पॅड आधी अडीच रुपयांना आलं, ऑगस्ट २०१९ मध्ये एक रुपयाला झालं.

आता पाकिटातली संख्या बघा. दिवसाला तीन बदल आणि पाच दिवस म्हणजे एका पाळीला पंधरा पॅड. सहाचं पाकीट दोन दिवसांत संपतं, आठचं तिसऱ्या दिवशी दुपारी. राहिलेले दिवस काय? एक तर तेच पॅड दिवसभर, नाहीतर जुनं कापड. 'पॅड वापरते का' या प्रश्नाला अशी मुलगी 'हो' म्हणते आणि आकड्यात जमा होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते चोवीस वयाच्या ७७.३ टक्के मुली-बायकांनी स्वच्छ साधन वापरत असल्याचं सांगितलं. ग्रामीण भागात ७२.३ टक्के. आधीच्या पाहणीत देशाचा आकडा ५७.६ होता. ही वाढ खरी आणि मोठी आहे. पण स्वच्छ साधन सहा तास होतं की बारा तास, ते या आकड्यात दिसत नाही.

वर्षाला तेरा पाळ्या धरल्या तर एका मुलीला एकशेपंचाण्णव पॅड लागतात. रुपयाचं पॅड मिळालं तर एकशेपंचाण्णव रुपये. दुकानातलं साधं पॅड पाच रुपयांना धरलं तर पावणेदहाशे. घरात दोन मुली आणि आई असेल तर तीनपट. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात हा खर्च यादीत सगळ्यात शेवटी येतो, आणि खर्च मागायला तोंड उघडावं लागतं, ते तर त्याहून अवघड.

म्हणून कापडाला नावं ठेवणं मला पटत नाही. सुती कापड चांगलं शोषतं, पैसे लागत नाहीत, कचरा होत नाही. कापड बिघडवते ती लाज. रक्ताचं कापड कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते पत्र्याखाली, भिंतीच्या फटीत, दुसऱ्या ओल्या कपड्यांखाली वाळत घातलं जातं. तिथे ते वाळत नाही, कुबट होतं, आणि पुढच्या महिन्यात तसंच वापरलं जातं. नीट करायचं तर आधी गार पाण्यात भिजवावं. गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. साबणाने धुवावं, उन्हात पूर्ण वाळवावं, कोरड्या पिशवीत ठेवावं. उघड्यावर घालायला जीव धजत नसेल तर वर पातळ ओढणी टाकावी, ऊन त्यातूनही पोचतं. पावसाळ्यात चुलीजवळच्या दोरीवर. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आता भारतीय मानकही आहे, आयएस १७५१४. पुण्याची 'समाजबंध' ही संस्था जुन्या कपड्यांपासून असे कापडी पॅड शिवते आणि गावोगावी पाळीवर बोलते. 'गूंज' या संस्थेनेही देशभर हेच काम केलं आहे. शाळेत मात्र कापडाची अडचण उरतेच: ओलं कापड संध्याकाळपर्यंत दप्तरात ठेवावं लागतं. त्यासाठी आतून प्लास्टिक लावलेली, तोंड घट्ट बंद होणारी छोटी पिशवी शिवून दिली तर कापड वापरणारी मुलगीही त्या पाच मिनिटांत बदल करू शकते.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट मनात येते. केळीचा घड उतरवला की खोड कापून बांधावर टाकतात. त्या खोडाच्या धाग्यापासून अहमदाबादची 'साथी' ही कंपनी पॅड बनवते. रवांडातही असा प्रयोग झाला आहे. डोंगरकड्याच्या शिवारात कच्चा माल पडलेला आहे, हे खरं. पण धागा काढणं, त्याचा मऊ लगदा करणं, निर्जंतुक करणं आणि पॅडच्या मानकात बसवणं हे यंत्राचं आणि भांडवलाचं काम आहे. बचत गटाने उत्साहात कर्ज काढून यंत्र घेण्याआधी माल विकत कोण घेणार, हे लेखी ठरलेलं असावं.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं, हा प्रश्न पाच मिनिटांतल्या शेवटच्या मिनिटाचा. डबा नसेल तर मुलगी पॅड संडासात टाकते. गावाकडच्या संडासाला मागे दोन शोषखड्डे असतात. पॅड फुगतं, पाइपात अडकतं, संडास तुंबतो, आणि दोष मुलींवर येतो. नाहीतर ते ओढ्यात जातं, नाहीतर उसाच्या फडात. घनकचरा नियम २०१६ प्रमाणे पॅड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचं होतं आणि गुंडाळायला कागद कंपनीने द्यायचा होता. घंटागाडी रोज येत असेल तिथे पॅड गुंडाळून तिच्यात देणं चांगलं. जिथे येत नाही तिथे शाळा पॅड जाळायचं इन्सिनरेटर घेते. भिंतीवरच्या छोट्या विजेच्या पेटीत बरेचदा पुरेशी उष्णता होत नाही; जेलमध्ये पाणी असतं, ते आधी उडावं लागतं; प्लास्टिक अर्धवट जळून विषारी धूर होतो. वीज गेली की पेटी बंद. खेड्यात विटांची, उंच धुराडं असलेली भट्टी, वर्गांपासून लांब, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी शाळा सुटल्यावर मोठ्या माणसाने पेटवलेली, एवढं मला करण्याजोगं वाटतं. मुलींना पेटवायला लावू नये. सफाई करणाऱ्या बाईला हातमोजे आणि तिचे पैसे मिळावेत. तिच्या हातांचा विचार या विषयात कुणी करत नाही.

हे सगळं तयार असलं तरी एक मुलगी त्या संडासापर्यंत पोचणार नाही, ती म्हणजे जिला आज पहिल्यांदा पाळी आली आणि काय झालं ते कळलंच नाही. मुलींना पाळी साधारण बारा-तेराव्या वर्षी येते, काहींना दहाव्या-अकराव्या. म्हणजे पाचवी-सहावी-सातवी. आपल्या पाठ्यपुस्तकात मासिक पाळीचं चक्र नीट समजावलेलं येतं ते दहावीच्या विज्ञानात. तोपर्यंत तिला घरातून मिळालेली भाषा अशी: कावळा शिवला, बाहेर बसली, अडचण आहे, विटाळ. कावळ्याने शिवल्यावर पोरीने लोणच्याला हात लावायचा नाही, देवघरात जायचं नाही, हे आजी सांगते. पोटात काय होतं ते आजीलाही कुणी सांगितलेलं नसतं. एकेकाळी पहिल्या न्हाणाला मुलीला मखरात बसवून ओटी भरत. तेव्हाही गोडधोड झालं, स्पष्टीकरण नाही.

स्पष्टीकरण अवघड नाही. गर्भाशयात दर महिन्याला आतून मऊ अस्तर तयार होतं, बाळ राहिलं तर त्याला आधार म्हणून. नाही राहिलं तर ते सुटून बाहेर येतं. अस्तर सोडताना गर्भाशय आवळतं, म्हणून ओटीपोटात दुखतं. पहिली एक-दोन वर्षं तारीख पुढे-मागे होते, एकवीस ते पंचेचाळीस दिवसांतलं अंतर त्या वयात चालतं. पण पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तीन महिने चुकली, आठवड्याहून जास्त लांबली, तासातासाला पॅड भरायला लागलं किंवा दुखण्याने अंथरुण धरलं, तर दवाखाना. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. हे पाचवीतच सांगावं, मुलग्यांनाही सांगावं, आणि आईला शाळेत बोलावून तिच्यासमोर सांगावं. मुलगे डाग बघून हसतात ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं म्हणून.

शाळेतली निळी गोळीही याच गोष्टीचा भाग आहे. आठवड्यातून एक, शंभर मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड. २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. दर महिन्याला रक्त जाणार आणि जेवणात लोह कमी, तर दुसरं काय होणार? गोळी खिचडी खाऊन घ्यावी, उपाशीपोटी मळमळतं. शौचाला काळं होतं, घाबरू नये. चहासोबत घेऊ नये, चहा लोह अडवतो, लिंबू चालतं. मुली गोळी खिडकीबाहेर टाकतात, कारण हे त्यांना कुणी सांगत नाही.

दुखणं सांगायची सवय लहानपणी लागली नाही की पुढे काय होतं, ते मराठवाड्याने पाहिलं आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीच्या काळात ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागे मजुरी बुडण्याची भीती होती, फडावर पाणी-संडास नसणं होतं, आणि शस्त्रक्रियेची घाई करणारे दवाखाने होते. या बायका कधीकाळी सातवीतल्याच मुली होत्या.

पैसा कुठून आणायचा, हे गावाला बहुतेक वेळा माहीत नसतं, म्हणून सांगते. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटानुसार वार्षिक अनुदान मिळतं: शंभर ते अडीचशे पटाला पन्नास हजार, अडीचशे ते हजार पटाला पंचाहत्तर हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. साबण, डबे, कड्या, तातडीची पॅड त्यात बसतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ पासून साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. संडासाची दुरुस्ती, टाकी, नळ त्यातून झाले. मागायची जागा दोन: शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, आणि ग्रामसभा, जिच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १० एप्रिल २०२३ ला केंद्र सरकारला शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखं धोरण आखायला सांगितलं. समितीसमोर अर्ज वाचताना हा आधार सांगावा.

अर्ज लांब नको. 'मुलींच्या संडासांना आतून कडी, आत नळ, झाकणाचा डबा आणि पिशवीसाठी खिळा बसवावा. दुपारी पाणी राहील एवढी टाकी द्यावी. शाळेत पन्नास पॅड कायम शिल्लक ठेवावीत आणि त्या कपाटाची किल्ली आठवीतल्या दोन मुलींकडे असावी.' खाली आयांच्या सह्या, अंगठे. आणि कडी बसवायला माणूस येईल तेव्हा पाचवीतल्या एका मुलीला दाराशी उभं करून तिचा हात कुठवर पोचतो ते बघावं, तिथेच भोकं पाडावीत.